भरलेली बंदूक घरात नको: ठासणीबद्दल वाचकांचे प्रश्न

काजूला बोंडं धरायला लागली की या सदराकडे बंदुकीबद्दलची पत्रं येऊ लागतात. गेल्या अंकात आम्ही शेतसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुकीबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली निवडक इथे घेतली आहेत. माझं कुडाळकडे बंदूक दुरुस्तीचं परवानाधारक दुकान होतं. वडिलांनंतर ते मी चालवलं. घोडा, चाप, नळी, गज यांच्या संगतीत हयात गेली, त्यामुळे उत्तरं थोडी लांबतील. पहिलं उत्तर मात्र प्रत्येकाने वाचावं, घरात बंदूक असो वा नसो.

वडील दोन महिन्यांपूर्वी वारले. त्यांची ठासणीची बंदूक पडवीत खुंटीला आहे. परवाना त्यांच्या नावावर होता. शेवटचा बार कधी काढला ते घरात कुणालाच माहीत नाही. मी ती साफ करून ठेवू का? आणि ती माझ्या नावावर कशी होईल? (सावंतवाडी तालुका)

परवान्याचं नंतर सांगतो. शेवटचा बार कधी काढला ते माहीत नाही, हे तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे. ती बंदूक भरलेली आहे असंच धरून चाला. घोडा उचलून बघू नका. नळीला तोंड लावून फुंकर मारायची आपल्याकडे जुनी खोड आहे, ती तर अजिबात नको. मुलांना पडवीत त्या बाजूला फिरकू देऊ नका.

काडतुसी बंदूक उघडली की आत काडतूस आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. ठासणीची नळी मागून बंद असते. दारू, तिच्यावर गुंडाळी, मग छरे, वर पुन्हा गुंडाळी असं सगळं तोंडाकडून घालून गजाने ठासलेलं असतं. बाहेरून भरलेली आणि रिकामी बंदूक हुबेहूब सारखी दिसते. हातात घेतली तरी वजनावरून कळत नाही. घोड्याखाली केप, म्हणजे घोडा आदळला की फुटून ठिणगी देणारी छोटी टोपी, नाही म्हणून ती रिकामी, असं समजणाऱ्यांना मी हात जोडून सांगत आलो आहे की केप नसणं आणि बार नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जुनी दारू मेलेली असते, हा दुसरा गैरसमज. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान् पिढ्या जिवंत राहते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधली एक तोफ २०१३ साली गंज काढायला घेतली, तेव्हा तिच्यात गोळा, गुंडाळी आणि जवळपास ८०० ग्रॅम दारू तशीच निघाली. ती तोफ १७८० साली बुडालेल्या ब्रिटिश जहाजावरची होती. तिथल्या पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाला बोलवावं लागलं. व्हर्जिनिया राज्यात २००८ साली तर अमेरिकन यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना एका जाणत्या संग्राहकाचा जीव गेला. तुमच्या वडिलांचा बार फार तर काही वर्षांपूर्वीचा असेल.

जाणकार माणूस नळी कशी तपासतो ते सांगतो, म्हणजे तुमच्यासमोर कुणी तपासली तर ती नीट तपासली की नाही ते तुम्हाला कळेल. बंदुकीचं तोंड मातीच्या दरडीकडे धरून, अंग बाजूला ठेवून, गज हलकेच तळापर्यंत सोडायचा. तोंडाशी गजावर खूण करायची. मग गज बाहेर काढून तीच खूण तोंडाशी जुळवून नळीच्या बाहेरून लावायचा. गजाचं टोक केप बसते त्या निपलाच्या रेषेपर्यंत पोचलं तर नळी रिकामी. तीन-चार बोटं अलीकडे थांबलं तर आत बार आहे. तो बार ओढून काढायला गजाला लावायचा वेगळा स्क्रू असतो आणि त्याआधी दारू भिजवून निकामी केलेली असावी लागते. हे काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं. नळी तापवून किंवा तळाला भोक पाडून बार काढायला जाणारे लोक पाहिले आहेत. कृपा करून तसं काही करू नका.

काजूच्या बागेतल्या एका मांगरातून माझ्याकडे बंदूक आली होती, घोडा सैल झाला म्हणून. गज टाकला तर तो अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त बाहेर राहिला. आत एकावर एक दोन बार होते. थोरल्याने तिन्हीसांजेला भरून ठेवली, धाकट्याने रात्री राखणीला जाताना रिकामी समजून पुन्हा भरली. घोड्याने दगा दिला म्हणून चाप ओढला गेला नाही. तसा ओढला गेला असता तर नळी फाटून डाव्या हाताची बोटं उडाली असती, कदाचित डोळेही. म्हणून सांगतो, राखणीवरून परतताना बार मोकळ्या जागी, मातीच्या दरडीत काढून टाका. एका बाराची दारू वाया गेली तर जाऊ दे. भरलेली बंदूक उंबऱ्याच्या आत यायला नको.

आता परवाना. तो वारसाने आपोआप मिळत नाही. परवानाधारक गेला की घरच्यांकडे ती बंदूक कायद्याने राहू शकत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. तुमचे दोन महिने झालेच आहेत, तेव्हा मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना घेऊन उद्याच पोलिस ठाण्यात जा. बंदूक सोबत नेऊ नका. ती भरलेली असू शकते हे आधी सांगा, मग ती कशी आणायची ते तेच ठरवतील. जमा झाल्याची पावती जपून ठेवा. पुढे शस्त्र नियम २०१६ प्रमाणे वारस म्हणून स्वतःच्या नावाने परवान्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. इतर भावंडांची लेखी ना-हरकत आधीच घेतलीत तर फेऱ्या वाचतील. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनीही एक लक्षात घ्यावं: परवानाधारकाचं वय ७० झालं असेल किंवा त्याने २५ वर्षं शस्त्र बाळगलं असेल, तर जिवंतपणीच ते मुलाकडे देण्याचा अर्ज करायची सोय याच नियमांत आहे. म्हाताऱ्या माणसाला आणि घरालाही ते बरं.

दर पावसाळ्यानंतर नळीत गंज दिसतो. बार काढल्यावर मी रॉकेलचा बोळा फिरवतो, वरून खोबरेल लावतो. तरी असं का? (देवगड)

रॉकेलमुळेच. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळूनही वायू होत नाही, त्याची घन राख होते; काही धुराबरोबर बाहेर जाते, बाकीची नळीत चिकटते. त्या राखेत पोटॅशचे क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. आपल्याकडची खारी, दमट हवा त्याला मिळाली की एका रात्रीत नळीला लाली येते. हे क्षार पाण्यात विरघळतात, रॉकेलमध्ये नाहीत. तुम्ही रॉकेलने काजळी काढता, क्षार जागेवर राहतात, वर खोबरेलाचा थर बसतो आणि त्याखाली लोखंड खात राहतं.

लोखंडाला पाणी लावायचं म्हटलं की लोक बिचकतात. पण ठासणीला गरम पाण्यासारखं औषध नाही. ज्या दिवशी बार काढला त्याच संध्याकाळी हे काम झालं पाहिजे, जेवणाआधी. बंदूक रिकामी असल्याची गजाने खात्री करा. नळी दस्त्यावरून सुटणारी असेल तर सोडवा, म्हणजे लाकूड भिजणार नाही. निपल त्याच्या चावीने काढा, पक्कडीने धरून पीळ देऊ नका, आटे जातात. बादलीत कडकडीत पाणी, त्यात थोडा साबण. नळीचा मागचा भाग पाण्यात बुडवून गजाला चिंधी गुंडाळून वरखाली करा. निपलाच्या भोकातून पाणी आत ओढलं जातं, बाहेर फेकलं जातं. पहिलं पाणी शाईसारखं काळं येईल आणि कुजक्या अंड्याचा वास सुटेल, तो गंधकाचा. पाणी बदलत राहा. चिंधी स्वच्छ निघाली की शेवटचं पाणी उकळतं घाला. लोखंड इतकं तापतं की उरलेलं पाणी आपोआप सुकतं. नळी फडक्यात धरा, हात भाजेल. मग कोरडी चिंधी, आणि नळी कोमट असतानाच तेल.

खोबरेल नको. थंडीत ते गोठतं, जुनं झालं की चिकट होतं आणि निपलाचं बारीक भोक बुजवतं. शिलाई मशीनला घालतात ते तेल पुरे. दस्त्याच्या लाकडाला जवसाचं तेल हातावर घेऊन चोळा, दिवाळीत एकदा आणि पावसाआधी एकदा. घोड्याच्या यंत्राला ओल्या ब्रशने पुसून, वाळवून, तेलाचा एखादा थेंब. साफ केल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पांढरी चिंधी नळीतून फिरवा. ती तपकिरी निघाली तर पहिल्या दिवशी काहीतरी राहिलं आहे, पुन्हा पाणी घ्या.

पावसाळ्यात बंदूक कापडी पिशवीत गुंडाळून पेटीत कोंबू नका आणि नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबून ठेवू नका. चिंधी ओल धरते आणि नेमकी तोंडाशीच नळी खाते. शिवाय बोळा विसरून कुणी बार काढला तर नळी तिथेच फुगते. कुलूप लागेल अशा कोरड्या, हवेशीर कपाटात ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी पुसा.

साफ करताना नळी उजेडाकडे धरून आतून बघायची सवय लावा, अर्थात मागचं बूच काढता आलं तरच. आत कुठे गोल कड्यासारखी सावली दिसली, तर तिथे नळी फुगलेली आहे. बूच निघत नसेल तर बाहेरून बोटं फिरवा, फुगवटा हाताला लागतो. अशी बंदूक कितीही आवडती असली तरी तिच्यातून पुन्हा बार काढायचा नाही.

केप फुटते पण बार उडत नाही. कधी केप फुटल्यावर क्षणभराने उडतो. नवी केप घेऊन बघू का? (लांजा)

क्षणभराने उडतो म्हणता, म्हणजे निपलाच्या वाटेत अडथळा आहे, बहुधा तेल किंवा जुनी राख. केपेची ठिणगी त्या वाटेतूनच दारूपर्यंत पोचते. बार भरण्याआधी नळी कोरड्या चिंधीने पुसा, तेल राहू देऊ नका. मग रिकाम्या बंदुकीवर नुसती केप ठेवून, तोंड जमिनीवरच्या गवताच्या पात्याजवळ धरून ती फोडा. पातं हललं तर वाट मोकळी आहे. आमच्या वडिलांनी शिकवलेली ही रीत, तिला पर्याय नाही.

आणि केप फुटून बार उडाला नाही तर? बंदूक खाली घेऊ नका, वळू नका, तोंडाकडून तर बघूच नका. जशी धरली तशीच निदान मिनिटभर धरून ठेवा. आत ठिणगी धुमसत असते. मग नवी केप. तीही वाया गेली तर केप काढून टाका आणि बार दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या.

केप नेहमी सगळ्यात शेवटी लावायची, गज बाहेर आल्यावर. गज नळीत असताना बार उडाला तर तो भाल्यासारखा जातो.

परवान्यावर मिळणारी दारू हंगामाला पुरत नाही. बारा बोअरच्या काडतुसातली दारू वापरली तर? गावात एक जण घरी दारू करूनही देतो. (दोडामार्ग)

दोन्हीला ठाम नाही. आजच्या काडतुसात बिनधुराची दारू असते. ती काळ्या दारूच्या मापाने ठासणीत घातली तर नळीत जो दाब तयार होतो तो ठासणीची नळी सोसू शकत नाही. ती फुटते, आणि फुटते ती डाव्या हाताजवळ आणि तोंडासमोर. अशा फुटलेल्या नळ्या मी हातात घेतल्या आहेत, त्यांना केळीच्या सालीसारखे पदर सुटलेले असतात.

घरगुती दारूचा दोष वेगळा. तिचा दाणा एकसारखा नसतो. बारीक दाणा झपाट्याने जळतो, जाडा सावकाश, म्हणून कारखान्यात दाणे चाळून प्रतीनुसार वेगळे करतात. गावठी दारूचा एक बार मवाळ जातो, दुसरा त्याच मापाचा असून बंदूक उलटवतो. ती करताना होणारे स्फोट वेगळेच, आणि विनापरवाना दारू करणं हा गुन्हा आहे. तुमच्या परवान्यावर वर्षाला किती दारू आणि किती केपा घेता येतील ते लिहिलेलं असतं. कमी पडत असेल तर कारण दाखवून वाढवून मागा.

दारू डब्यातून थेट नळीत ओतू नका. आधीच्या बाराचा निखारा आत असेल तर अख्खा डबा हातात पेटतो. मापात घ्या, मग ओता, आणि दोन बारांमध्ये थोडा दम धरा. गज शेवटपर्यंत गेला पाहिजे, दारू आणि गुंडाळी यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये. आपल्याकडे गुंडाळीला नारळाचं सोडण वापरतात. ते पेटतं बाहेर पडतं. मार्च-एप्रिलात बागेतलं गवत वाळलेलं असतं. रात्री बार काढून घरी गेलात आणि पहाटे वणवा लागला, असं व्हायला एवढंसं सोडण पुरतं. बार काढल्यावर समोरच्या जागेवर विजेरी मारून बघितल्याशिवाय हलू नका.

शेतसंरक्षणाचा परवाना आहे, मग शेतात आलेलं रानडुक्कर मारलं तर गुन्हा का? (राजापूर)

कारण परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, शिकारीचा नाही. १९५९ च्या कायद्यातलं कलम १३ पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यायला सांगतं, म्हणून आपल्या बहुतेकांच्या परवान्यावर एसबीएमएल, म्हणजे एकनळी ठासणी, असं लिहिलेलं असतं. जनावर मारायचं की नाही हे मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ठरवतो. पिकाला उपद्रव देणाऱ्या जनावराबद्दल कलम ११ खाली अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी घेता येते. तिच्याशिवाय डुक्कर मारलं तर गुन्हा, आणि परवानाही जातो.

तुमचा राग मला कळतो. रात्रीत नाचणी किंवा भात लोळवलेलं पाहिलं की काय वाटतं ते शेती करणाऱ्यालाच ठाऊक. नुकसानीचा पंचनामा वेळेत करून भरपाई मागा आणि वनखात्याकडे परवानगीचा लेखी अर्ज कराच, तोंडी तक्रारीला किंमत नसते. पण अंधारात पाचोळा वाजला म्हणून त्या दिशेला बार टाकू नका. डुक्कर समजून माणसावर बार गेला, अशा बातम्या आपल्या जिल्ह्यांत पुन्हा पुन्हा येतात, आणि मेलेला बहुतेक वेळा सोबतीच असतो, भाऊ असतो, शेजारी असतो. काय आहे ते डोळ्यांनी दिसल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय चापावर बोट नको.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे मित्र ठासणीच्या बंदुकीने हरणाच्या शिकारीला जातात, म्हणतात परवाना लागत नाही. खरं का? (एडिसन)

अमेरिकेच्या केंद्राच्या १९६८ च्या कायद्यात ठासणीच्या बहुतेक बंदुका पुराणवस्तूंच्या वर्गात जातात, म्हणून तुमचे मित्र तसं म्हणतात. पण राज्यांचे कायदे निराळे आहेत आणि न्यू जर्सी कडक राज्यांपैकी आहे. तिथे ठासणीलाही बंदूक म्हणूनच धरतात, ती घ्यायला बंदूक खरेदीचं ओळखपत्र लागतं आणि शिकारीचा परवाना वेगळा. शेजारच्या पेन्सिल्वेनियात १९७४ पासून नाताळनंतर केवळ चकमकीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. केपेचा शोध लागण्याआधीची ती बंदूक, गारगोटीच्या ठिणगीने उडते, आणि पावसात रंजक, म्हणजे ती ठिणगी झेलणारी बारीक दारू, भिजली की हरणासमोर नुसता घोडा वाजतो. तुम्हाला आवड असेल तर ती जरूर शिका, पण जाणत्याच्या हाताखाली आणि आधी नेमबाजीच्या मैदानावर.

वाड्यात पणजोबांची तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडणारी, बंदूक आहे. पॉलिश कागदाने घासून दसऱ्याला एक बार काढायचा विचार आहे. (सातारा)

दोन्ही बेत सोडा. एवढ्या जुन्या नळीचं लोखंड आतून किती खाल्लं गेलं आहे ते बाहेरून कळत नाही. दसऱ्याला झेंडूचा हार घाला, पूजा करा, बार नको. घासूही नका. त्या तपकिरी थराखाली अनेकदा सोन्याचांदीची कोफ्तगिरी, म्हणजे तारांचं जडावकाम, असते, कारागिराची खूण असते, आणि कागदाने ती कायमची जाते. मऊ फडकं आणि किंचित तेल, बस्स. आधी ती रिकामी आहे का हे पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे तपासून घ्या. दुरुस्त करूनही उडवता येणार नाही अशा जुन्या नमुन्याच्या हत्याराला शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण तुमची त्यात बसते की नाही हे तुम्ही ठरवू नका, जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्या. शंभर वर्षांवरची असेल तर पुरावस्तूंचा १९७२ चा कायदाही लागू होतो. अशी हत्यारं पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात बघायला मिळतात. जाऊन एकदा शेजारी ठेवून बघितल्यासारखं निरखा, आपल्याकडे काय आहे ते कळेल.

कर्नाटकातल्या कोडगूमध्ये बंदुकीला परवाना लागत नाही म्हणतात. मग कोकणाला का? (कणकवली)

तिथल्या कोडवा समाजाला आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरागत, जमीनधारकांना ब्रिटिशांच्या काळापासून ही सूट आहे. केंद्राने २०१९ साली ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. त्यांच्याकडे बंदूक कुळाच्या देवघरातली वस्तू आहे, कैलपोद सणाला तिची पूजा होते आणि नारळावर नेमबाजी होते. आपल्याला ती सूट नाही, आणि मागूही नये असं माझं मत आहे. आपल्याकडे परवाना सुटण्यापेक्षा परवान्यासोबत नीट शिकवणी मिळणं जास्त गरजेचं आहे.

निवडणुकीत बंदूक जमा करावी लागते. परत मिळते तेव्हा गंजलेली. काय करावं? (वेंगुर्ला)

देण्याआधी गरम पाण्याने धुऊन, वाळवून, नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल लावून द्या. निपलाचं भोक आणि घोड्याचं यंत्र विसरू नका. नंबर आणि स्थिती पावतीवर लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. काजूच्या ऐन हंगामात जमा करणं जड जातं, तेव्हा कुणाची हत्यारं जमा करून घ्यायची ते ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या छाननी समितीकडे पिकाचं कारण देऊन सवलतीचा अर्ज करता येतो. अर्जाला सातबारा जोडा. बंदूक परत मिळाली की घरी आणल्या आणल्या आधी गज टाकून बघा, मग चिंधी फिरवा.